मूत्राशयाचे आकुंचन व संदेशवाहक पेप्टाइडे

थोड्याच ॲमिनो अम्लांची साखळी असलेली व एका कोशिकेकडून दुसऱ्या कोशिकेस संदेश पोहोचविणारी जी प्रथिनसदृश संयुगे शरीरात तयार होतात, त्यांना संदेशवाहक पेप्टाइडे म्हणतात. मूत्राशय, मूत्रवाहिन्या (वृक्कातून मूत्राशयाकडे मूत्र नेणाऱ्या नळ्या) व मूत्रमार्ग यांच्या भित्तींत अरेखित (अनैच्छिक) स्नायू असून त्यांच्या आकुंचन-शिथिलनावर या पेप्टाइडांचा परिणाम होतो. पी पदार्थ, न्यूरोकिनीन-ए, ब्रॅडिकिनीन, एंडोथेलीन व अँजिओटेन्सीन यांमुळे हे स्नायू आकुंचित होतात. वाहिनीक्रियाशील आंत्र पेप्टाइड व कॅल्सिटोनीन जीन-संबंधित पेप्टाइड यांचा परिणाम बहुतांशी शिथिलनाचा असतो. यांपैकी पी पदार्थ व ब्रॅडिकिनीन यांचा शोध आतड्याच्या स्नायूच्या आकुंचनावरूनच लागला. त्यामुळे आकुंचन घडविणे हेच त्यांचे शरीरातील कार्य असावे, असे गृहीत धरणे स्वाभाविक होते. मूत्राशयाच्या बाबतीत हे गृहीत अपुरे ठरले. तेथे पेप्टाइडांचे अधिक महत्त्वाचे कार्य मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूकडे पाठविणाऱ्या तंत्रिकांशी (मज्जातंतूंशी) निगडित आहे, हे १९८० नंतरच्या संशोधनात स्पष्ट होत गेले. लघवीची अनावर घाई होणाऱ्या किंवा लघवीवरील ताबा गेलेल्या रुग्णांच्या उपचारांच्या दृष्टीने हा फरक केवळ तात्त्विक स्वरूपाचा नाही.

पूर्वपीठिका : टेओडोर व्हिल्हेल्म एंगेलमान यांनी १८६९ मध्ये मूत्रवाहिनीच्या क्रमसंकोचाचा (लाटेप्रमाणे पुढे सरकणाऱ्या आकुंचनाचा) अभ्यास प्रसिद्ध केला. ही लाट तंत्रिकांच्या आज्ञेने उत्पन्न होत नसून स्नायूतच उत्पन्न होते व एका स्नायू कोशिकेकडून दुसरीकडे पसरते, असे मत त्यांनी मांडले. ते मुख्यतः खरे ठरले आहे. मूत्राशयाचे तसे नाही. मूत्र साठविणे व ते योग्य वेळी पूर्णपणे बाहेर टाकणे ही त्याची दोन परस्परविरोधी कामे असून दुसऱ्या कामासाठी त्याला मेरुरज्जूच्या त्रिक (कमरेखालील) भागातून येणाऱ्या परानुकंपी तंत्रिकांची आज्ञा लागते. केंब्रिज येथील जॉन न्यूपोर्ट लँग्ली व ह्यू केर अँडरसन यांनी १८९५ च्या सुमारास श्रोणीतील (ओटीपोटाच्या तळाकडील) इंद्रियांच्या तंत्रिकांचे सविस्तर वर्णन केले.

१९११ मध्ये लँग्ली यांनी मूत्राशयावर निरनिराळ्या विषांचे प्रयोग केले. बेलाडोना या वनस्पतीपासून मिळणाऱ्या ॲट्रोपिनामुळे परानुकंपी तंत्रिकांचे हृदयावरील व लाला ग्रंथींवरील परिणाम थांबतात, हे त्या वेळी माहीत होते. मूत्राशयाच्या तंत्रिकेला उद्दीपन दिल्यावर होणारे आकुंचन मात्र ॲट्रोपिनानंतरही बऱ्याच अंशी तसेच राहिले. पुढे परानुकंपी तंत्रिकांचा रासायनिक संदेश ॲसिटिलकोलीन या पदार्थामार्फत जातो व ॲट्रोपीन त्याच पदार्थाची क्रिया रोखते, हे सिद्ध झाल्यावर लँग्ली यांचे निरीक्षण अधिकच अडचणीचे ठरले. तंत्रिकेचे टोक स्नायूला इतके लगटून असावे की तेथपर्यंत ॲट्रोपीन पोहोचत नसेल, असे एक स्पष्टीकरण देण्यात आले. दुसरी शक्यता अशी की, ॲसिटिलकोलिनाखेरीज आणखी एखादा पदार्थ तेथे कार्य करीत असावा. हा अज्ञात पदार्थ कोणता, हा प्रश्न पुढे सु. ६० वर्षे अनुत्तरित राहिला आणि पेप्टाइडांचा मूत्राशयाशी संबंध जोडला जाण्यास तोच बऱ्याच अंशी कारणीभूत झाला.

या काळात संशोधनाचे मुख्य साधन होते ते म्हणजे स्नायूची पट्टी. रूडोल्फ माग्नुस यांनी १९०४ मध्ये आतड्याचा तुकडा कोमट व ऑक्सिजनयुक्त लवण द्रावात कित्येक तास जिवंत ठेवण्याची पद्धत प्रचारात आणली. तुकड्याचे एक टोक तरफेला जोडीत व तरफेचे दुसरे टोक काजळी धरलेल्या कागदाच्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढीत असे. द्रावात अज्ञात अर्काचा थेंब टाकला की, रेघ वर जाई वा खाली येई. रासायनिक पृथक्करणाची साधने फार तोकडी होती, तेव्हा एक ग्रॅमचा अब्जांश इतका सूक्ष्म पदार्थदेखील या पद्धतीने ओळखता येत असे. तथापि तिच्या उत्तराला एक मर्यादा होती. पट्टी आकुंचित होते किंवा शिथिल होते, एवढेच ती सांगू शके. तंत्रिकांपासून व मेरुरज्जूपासून तोडलेला तो तुकडा असल्याने जाणीव, वेदना किंवा घाई यांविषयी तिच्याकडून काहीच कळणे शक्य नव्हते.

पी पदार्थ : स्टॉकहोमचे उल्फ फोन ऑयलर हे १९३० मध्ये हेन्री डेल यांच्या लंडन येथील प्रयोगशाळेत आले. जॉन गॅडम यांच्याबरोबर ॲसिटिलकोलिनाचा शोध घेत असता घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कामुळे सशाच्या आतड्याचा तुकडा आकुंचित होतो आणि सशाचा रक्तदाब उतरतो, असे त्यांना आढळले. ॲट्रोपीन दिल्यावरही अर्काची क्रिया थांबली नाही, त्या अर्थी तो ॲसिटिलकोलीन नव्हता. हा शोध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. शुद्ध स्वरूपात हाती न आलेल्या या सिद्ध चूर्णाचा उल्लेख पी या अक्षराने होत असे व ‘पी पदार्थ’ हेच नाव त्यास कायमचे चिकटले. त्याची रचना कळण्यास ४० वर्षे लागली, हे या नावाच्या मोघमपणावरूनही लक्षात यावे. १९५३ मध्ये फ्रेड लेम्बेक यांनी, हा पदार्थ मेरुरज्जूच्या पश्चमूलात (संवेदी तंत्रिका जेथून मेरुरज्जूत शिरतात त्या ठिकाणी) विपुल असल्याने संवेदनेचा वाहक असावा, असे सुचविले. ही सूचना फार महत्त्वाची होती. परंतु शुद्ध पदार्थाच्या अभावी ती तशीच पडून राहिली.

अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात सूझन लीमन या पोष ग्रंथीला उद्दीपित करणाऱ्या एका हॉर्मोनाच्या शोधात होत्या. गायीच्या अधोथॅलॅमसाचा अर्क टोचल्यावर उंदरांच्या तोंडातून अतिशय लाळ गळते, असे त्यांना दिसले. हवे असलेले हॉर्मोन सोडून त्यांनी या लाळेचा माग काढला आणि मायकेल चँग यांच्यासह १९७० मध्ये तो पदार्थ शुद्ध केला. तो १९३१ चाच पी पदार्थ निघाला. १९७१ मध्ये त्यातील ११ ॲमिनो अम्लांचा क्रम निश्चित झाला व त्याच वर्षी त्याचे संश्लेषणही करण्यात आले. आता शुद्ध पेप्टाइड हवे तेवढे मिळू लागले. त्याच्या विरुद्ध प्रतिपिंडे तयार करून ऊतकाच्या कापांत ते नेमके कोठे आहे, हे सूक्ष्मदर्शकातून पाहणेही शक्य झाले. स्वीडनमधील टोमास हॉकफेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ते संवेदी तंत्रिका कोशिकांत दाखविले, तर १९७८ मध्ये लुंड येथील संशोधकांनी जनन-मूत्र मार्गातील पी पदार्थयुक्त तंत्रिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. लेम्बेक यांच्या सूचनेला अशा रीतीने पाव शतकानंतर आधार मिळाला.

किनिने : पेप्टाइडांचा मूत्राशी आलेला पहिला संबंध याहूनही जुना व काहीसा अनपेक्षित आहे. म्यूनिक येथील शल्यचिकित्सक एमील कार्ल फ्राय यांनी १९२६ च्या सुमारास माणसाचे मूत्र कुत्र्याच्या शिरेत टोचले असता त्याचा रक्तदाब एकदम उतरला. मूत्रातील या घटकाचा उगम अग्निपिंडात असावा, अशा समजुतीने त्यास अग्निपिंडाच्या ग्रीक नावावरून कॅलिक्रेईन म्हणण्यात आले. ओयगेन व्हेर्ले यांनी १९३७ मध्ये कॅलिक्रेईन स्वतः आतडे आकुंचित करीत नाही, परंतु रक्तद्रवात मिसळल्यावर तसे करणारा पदार्थ तयार होतो, असे दाखविले. म्हणजे कॅलिक्रेईन हे एंझाइम असून रक्तद्रवातील एका मोठ्या प्रथिनाचा लहान तुकडा तोडून ते क्रियाशील पेप्टाइड मोकळे करते. या तुकड्यास पुढे कॅलिडीन हे नाव मिळाले.

याच शोधाचे दुसरे टोक ब्राझीलमध्ये सापडले. साऊँ पाउलू येथे माउरीसिउ रोशा ई सिल्वा, विल्सन बेराल्दू व गास्ताऊँ रोझेनफेल्ट हे जराराका या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करीत होते. विष रक्तद्रवात मिसळल्यावर गिनीपिगाचे आतडे आकुंचित करणारा एक पदार्थ निर्माण होतो, असे त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. हिस्टामिनामुळे आतडे झटक्याने आकुंचित होते, तर या पदार्थामुळे ते सावकाश होत असे. म्हणून ‘मंद’ व ‘हालचाल’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याला ब्रॅडिकिनीन म्हटले गेले. ते ९ ॲमिनो अम्लांचे पेप्टाइड आहे, हे १९६० मध्ये निश्चित झाले. कॅलिडिनात याच साखळीला आणखी एक ॲमिनो अम्ल जोडलेले असते.

ब्रॅडिकिनिनामुळे अनेक प्राण्यांच्या मूत्राशयाची पट्टी आकुंचित होते. परंतु त्याची दोन वैशिष्ट्ये अधिक लक्षणीय आहेत. पहिले असे की, ते आधीच तयार करून साठविलेले नसते. ऊतकाला इजा झाली वा शोथ (दाहयुक्त सूज) आला की, जागच्या जागी तयार होते. दुसरे असे की, त्याचे ग्राही (पेप्टाइड ज्यांना चिकटते अशी कोशिकापटलावरील प्रथिने) दोन प्रकारचे असतात. कॅनडातील डोमेनिको रेगोली यांनी १९७० नंतरच्या दशकात या दोहोंना बी-१ व बी-२ असे वेगळे केले. बी-२ ग्राही निरोगी ऊतकातही असतात, बी-१ मात्र मुख्यतः इजा व शोथ यांनंतर नव्याने उत्पन्न होतात. प्रयोगासाठी काढून ठेवलेली पट्टी जसजशी जुनी होत जाते, तसतसा तिचा बी-१ मार्गाचा प्रतिसाद वाढत जातो, असेही आढळले. म्हणजे पट्टी कापणे हीच एक इजा ठरते व ज्या ऊतकाचा गुणधर्म मोजावयाचा, तो मोजता मोजता बदलत असतो. संसर्ग झालेल्या मूत्राशयात लहानशा साठ्यानेही आग व घाई का होते, याचे एक कारण किनिनांच्या संवेदी तंत्रिकांवरील क्रियेत आहे. स्नायूवरील प्रत्यक्ष क्रिया हा त्याचा दुय्यम भाग होय.

बेडूक, अष्टपाद व मूत्राशयाची पट्टी : या विषयातील अत्यंत विपुल व काहीसे विलक्षण कार्य इटलीतील व्हित्तोरिओ एर्सपामेर यांचे आहे. भूमध्य समुद्रातील एका लहान अष्टपादाच्या (ऑक्टोपसाच्या) लाला ग्रंथींतून त्यांनी एलेडॉइसीन हे पेप्टाइड मिळविले. त्याची रचना १९६२ मध्ये कळली. १९६४ मध्ये दक्षिण अमेरिकेतील एका बेडकाच्या कातडीतून फायसालेमीन मिळाले. आतड्यावर त्यांची क्रिया ब्रॅडिकिनिनाच्या उलट झटपट होते, म्हणून या कुलाला टॅकिकिनिने असे नाव पडले. पी पदार्थाची रचना कळल्यावर त्याच्या साखळीचे शेवटचे टोक या दोहोंशी जुळते, असे आढळले व अष्टपाद, बेडूक आणि गाय यांच्या शरीरांतील हे पदार्थ एकाच कुलातील ठरले. यूरोपातील बाँबिना नावाच्या बेडकाच्या कातडीतून १९७१ मध्ये बाँबेसीन मिळाले; ते मात्र वेगळ्या कुलातील आहे. त्याच्याशी संबंधित असे सस्तन प्राण्यांतील पेप्टाइड १९७९ मध्ये डुकराच्या जठरातून वेगळे करण्यात आले.

इतकी पेप्टाइडे हाती आल्यावर ती परस्परांपासून ओळखावयाची कशी, हा प्रश्न उभा राहिला. १९७३ मध्ये एर्सपामेर यांच्या गटाने त्यासाठी उंदीर, हॅमस्टर व गिनीपिग यांसारख्या प्राण्यांच्या मूत्राशयांच्या पट्ट्या वापरल्या. एका प्राण्याची पट्टी एखाद्या पेप्टाइडाला अतिशय संवेदनशील, तर दुसऱ्याची जवळजवळ उदासीन असते. म्हणून अशा पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या की, अज्ञात पेप्टाइडाचे कुल कळून येई. उदा., उंदराच्या मूत्राशयाची पट्टी बाँबेसिनाला जोरदार प्रतिसाद देते. मूत्राशय येथे अभ्यासाचा विषय नसून तराजूसारखे साधन होते. परंतु जो गुण साधन म्हणून सोयीचा होता, त्यातच पुढील अडचणीचे बीज होते. प्राणी बदलला की उत्तर बदलते, हा या पद्धतीचा पायाच होता. तरीही पुढे उंदराच्या पट्टीवरून माणसाच्या मूत्राशयाविषयी अनुमाने काढण्यात आली.

१९८३ मध्ये न्यूरोकिनीन-ए व न्यूरोकिनीन-बी ही सस्तन प्राण्यांतील आणखी दोन टॅकिकिनिने जपानमधील संशोधकांनी शोधून काढली. १९८७ मध्ये शिगेतादा नाकानिशी यांच्या क्योटो येथील प्रयोगशाळेने न्यूरोकिनीन-ए याच्या ग्राहीचा जीन वेगळा केला. टॅकिकिनिनांच्या ग्राहींचे एनके-१, एनके-२ व एनके-३ असे तीन प्रकार आहेत. उंदराच्या मूत्राशयाच्या स्नायूत पहिले दोन्ही प्रकार कार्य करतात. माणसाच्या मूत्राशयाचा स्नायू मात्र मुख्यतः एनके-२ मार्फत आकुंचित होतो. त्यामुळे मानवी पट्टीवर न्यूरोकिनीन-ए हे पी पदार्थापेक्षा पुष्कळच प्रभावी ठरते.

आकुंचनाची यंत्रणा : पेप्टाइड स्नायू कोशिकेच्या आत शिरत नाही. ते पटलावरील ग्राहीला चिकटले की, ग्राहीचा आकार किंचित बदलतो व आतील बाजूचे एक प्रथिन जागृत होते. त्यातून पटलातील एका मेद संयुगाचे विघटन होऊन इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट तयार होते व त्याच्यामुळे कोशिकेतील कोठारांतून कॅल्शियम आयन बाहेर पडतात. बाहेरूनही कॅल्शियम पटलातील मार्गांनी आत येते. कॅल्शियम हे कॅलमोड्युलीन या प्रथिनाशी संयोग पावते व त्या जोडीने उद्दीपित झालेले एंझाइम मायोसिनावर फॉस्फेट गट बसविते. त्यानंतर मायोसीन व ॲक्टिन यांचे तंतू एकमेकांवरून सरकून कोशिका आखडते. याउलट शिथिलन घडविणारी पेप्टाइडे चक्रीय एएमपी या संयुगाचे प्रमाण वाढवितात. काम झालेले पेप्टाइड कोशिकांच्या पृष्ठभागावरील एंझाइमे तोडून टाकतात, त्यामुळे त्याची क्रिया सहसा ते जेथे सोडले गेले त्याच परिसरात राहते.

अज्ञात पदार्थाचे उत्तर : लँग्ली यांना आढळलेल्या, ॲट्रोपिनाला न जुमानणाऱ्या आकुंचनाचा प्रश्न १९७० मध्ये पुन्हा ऐरणीवर आला. एन्. अँबाश व एम्. ए. झार यांनी त्या वर्षी हे आकुंचन ॲसिटिलकोलिनाशिवाय होते, असे काटेकोर प्रयोगांनी दाखविले; म्हणजे तंत्रिकेपर्यंत ॲट्रोपीन पोहोचत नसावे, हे जुने स्पष्टीकरण मागे पडले. दोनच वर्षांनी मेलबर्न येथील जेफ्री बर्नस्टॉक यांनी तो पदार्थ एटीपी असावा, असे प्रतिपादन केले. कोशिकांना ऊर्जा पुरविणारे हे सर्वत्र आढळणारे संयुग तंत्रिकेचा संदेशही वाहून नेत असेल, हे बहुतेकांना पटले नाही व या मतावर दीर्घकाळ टीका होत राहिली. दरम्यान मूत्राशयाच्या तंत्रिकांत एकामागून एक पेप्टाइडे सापडत होती. ती स्नायू आकुंचित करीत होती आणि त्यांच्यावर ॲट्रोपिनाचा परिणाम होत नव्हता; तेव्हा अज्ञात पदार्थ हेच असावेत, असे वाटणे साहजिक होते.

हे उमेदवार टिकले नाहीत. तंत्रिकेच्या उद्दीपनाने होणारे आकुंचन अत्यंत जलद असते, तर पेप्टाइडांचा परिणाम त्या मानाने रेंगाळत येतो व रेंगाळत जातो. याखेरीज संवेदी तंत्रिकांतील पी पदार्थ आधीच संपवून टाकला, तरी हे जलद आकुंचन कायम राहते. याउलट १९८३ च्या सुमारास एटीपीच्या एका स्थिर अनुजाताच्या साहाय्याने त्याचे ग्राही निष्क्रिय केले असता ते नाहीसे होते, असे दिसून आले. १९९४ मध्ये एटीपीच्या ग्राहींचे जीन हाती आले व बर्नस्टॉक यांचे मत सर्वमान्य झाले. निरोगी माणसाच्या मूत्राशयात मात्र ॲट्रोपिनाला न जुमानणारा हा भाग अत्यल्प असतो. तेथे जवळजवळ सर्व काम ॲसिटिलकोलीनच करते. मूत्राशयाच्या काही विकारांत हा भाग वाढलेला आढळतो.

मिरचीचा पुरावा : पेप्टाइडांचे खरे स्थान दाखविले ते मिरचीने. मिरचीच्या तिखटपणाला कारण असलेले कॅप्सायसीन पुन्हा पुन्हा लावल्यास त्या जागेची वेदना जाणण्याची शक्ती दीर्घकाळ नाहीशी होते, हे हंगेरीतील मिक्लोश यांचो यांनी १९४० नंतरच्या दशकात पाहिले होते. त्यांच्या गटाने १९६७ मध्ये, संवेदी तंत्रिकेची टोके केवळ संदेश आत पाठवीत नाहीत, तर उद्दीपित झाल्यावर स्वतःही काही पदार्थ सोडून आसपास शोथ उत्पन्न करतात, असे सिद्ध केले. यांतील प्रमुख पदार्थ म्हणजे पी पदार्थ व कॅल्सिटोनीन जीन-संबंधित पेप्टाइड, असे पुढे निष्पन्न झाले.

फ्लॉरेन्स येथे कार्लो आल्बेर्तो माज्जी, पाओलो सांतिचोली व अल्बेर्तो मेली यांनी १९८० नंतरच्या दशकात हे ज्ञान मूत्राशयाला लावले. कॅप्सायसिनामुळे उंदराच्या मूत्राशयाची पट्टी आकुंचित होते, कारण संवेदी टोकांतून टॅकिकिनिने बाहेर पडतात. परंतु कॅप्सायसिनाच्या मोठ्या मात्रेने ही टोके निकामी केलेल्या उंदरांत स्नायू दुबळा झालेला नसतो. त्यांचे मूत्राशय अधिक भरल्यावर रिकामे होते, एवढाच मुख्य फरक पडतो. म्हणजे बिघडते ती आकुंचनाची शक्ती नव्हे, तर ‘भरले’ हे कळण्याची पातळी. पट्टीच्या अर्धशतकी प्रयोगांतून जे कळू शकले नाही, ते अखंड प्राण्याच्या मूत्राशयातील दाब मोजल्यावर कळले. १९८९ मध्ये माज्जी व सहकाऱ्यांनी माणसाच्या मूत्राशयात कॅप्सायसिनाचा विरल द्राव सोडून लघवीची पहिली जाणीव होण्याचे आकारमान बदलते, हे दाखविले.

या प्रयोगांना लवकरच वैद्यकीय महत्त्व आले. मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मेरुरज्जू यांतील तंत्रिकांची आवरणे नष्ट होत जाणारा विकार) किंवा मेरुरज्जूची इजा यांमुळे मेंदूचा ताबा सुटला की, मूत्राशय थोड्याशा साठ्यानेही आपोआप आकुंचित होते. अशा रुग्णांना घराबाहेर पडणे कठीण होते व वाढत्या दाबाने वृक्कांनाही धोका पोहोचतो. लंडनच्या क्लेअर फाउलर यांनी १९९२ मध्ये अशा रुग्णांच्या मूत्राशयात अल्कोहॉलमिश्रित द्रावातून कॅप्सायसीन सोडले असता अनेकांना काही महिने आराम पडला. उपचाराच्या वेळी होणारी तीव्र आग हा त्याचा मोठा दोष होता व त्यामुळे तो रूढ झाला नाही. पुढे युफोर्बिया या काटेरी वनस्पतीच्या चिकातील रेसिनिफेराटॉक्सिनाचेही प्रयोग झाले. कॅप्सायसीन ज्या ग्राहीवर कार्य करते, त्याचा जीन डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ मध्ये शोधून काढला. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

शिथिलन व नियमन घडविणारी पेप्टाइडे : सामी सईद व व्हिक्टर मुट यांनी १९७० मध्ये डुकराच्या लहान आतड्यातून वाहिनीक्रियाशील आंत्र पेप्टाइड वेगळे केले. ते अरेखित स्नायू शिथिल करते. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ज्यूलिया पोलक व स्टीव्हन ब्लूम यांच्या गटाने १९८३ मध्ये, अवेळी आकुंचित होणाऱ्या अस्थिर मूत्राशयांत हे पेप्टाइड निरोगी मूत्राशयांपेक्षा कमी असते, असे प्रसिद्ध केले. शिथिलन करणारा घटक घटल्याने स्नायू अस्थिर होतो, ही कल्पना आकर्षक होती. परंतु ही घट विकाराचे कारण की परिणाम, हे केवळ अशा तुलनेवरून ठरत नाही. मुट व काझुहिको तातेमोतो यांनी १९८२ मध्ये वर्णिलेले न्यूरोपेप्टाइड-वाय हे मूत्राशयाच्या तंत्रिकांत विपुल असून ते तंत्रिकेच्या टोकातून होणारा ॲसिटिलकोलिनाचा स्राव कमी करते. १९८८ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथे माशाशी यानागिसावा व सहकाऱ्यांनी शोधलेले एंडोथेलीन हे मूत्राशयाच्या स्नायूचे सावकाश व दीर्घकाळ टिकणारे आकुंचन घडविते.

मूत्रवाहिनीत एकाच संवेदी टोकातील दोन पेप्टाइडे परस्परविरुद्ध काम करतात. गिनीपिगाच्या मूत्रवाहिनीत टॅकिकिनिनांनी क्रमसंकोच वाढतो, तर कॅल्सिटोनीन जीन-संबंधित पेप्टाइडाने तो थांबतो. दुसरे पेप्टाइड स्नायू कोशिकेतील पोटॅशियमाचे मार्ग खुले करून तिची उत्तेजनक्षमता कमी करते, असे फ्लॉरेन्सच्याच संशोधकांनी १९९४ च्या सुमारास दाखविले. एंगेलमान यांनी सांगितलेली स्नायूची स्वयंभू लाट तंत्रिकांनी उत्पन्न होत नसली, तरी ती वाढविणे वा थोपविणे हे संवेदी टोकांच्या हाती असते, एवढी भर त्यांच्या मतात घालावी लागते.

औषधांचे प्रयत्न : टॅकिकिनिने ही लघवीच्या घाईला कारणीभूत असतील, तर त्यांचे ग्राही अडविणारे औषध उपयोगी पडावे, असा विचार पुढे आला. एनके-१ ग्राही अडविणारे ॲप्रेपिटंट हे कर्करोगावरील औषधांनी होणारी वांती थांबविण्यासाठी २००३ पासून वापरात आहे. घाईमुळे लघवी सुटणाऱ्या, ऋतुनिवृत्त स्त्रियांना ते देऊन २००६ मध्ये चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध नसलेली, दिसण्यात सारखी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेने त्यांच्या लघवीच्या वेळा कमी झाल्या, पण फरक माफक होता. मानवी मूत्राशयाचा स्नायू एनके-२ मार्फत आकुंचित होत असता एनके-१ अडवून काही गुण येतो, हे या औषधाची क्रिया स्नायूवर नसून मेंदू, मेरुरज्जू वा संवेदी टोके यांवर असल्याचे सुचविते. त्याच वर्गातील सर्लोपिटंटाची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. जुन्या, ॲसिटिलकोलीन अडविणाऱ्या टॉल्टेरोडीन या औषधापेक्षा ते सरस ठरले नाही.

याच सुमारास एका वेगळ्याच दिशेने यश आले. झुरिक येथील ब्रिगिट शुर्ख व सहकाऱ्यांनी मेरुरज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या मूत्राशयाच्या स्नायूत बोटुलिनम विष अतिसूक्ष्म मात्रेत टोचून त्यांची गळती थांबविल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेत या उपचारास २०११ मध्ये तंत्रिका विकारांतील व २०१३ मध्ये इतर अतिक्रियाशील मूत्राशयासाठी मान्यता मिळाली. तंत्रिकेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडू न देता स्नायू दुबळा करणे, हा मूळ हेतू होता. परंतु रुग्णांची गळतीच नव्हे, तर घाईची जाणीवही कमी होते असे दिसून आले. आणि प्रयोगशाळेतील अभ्यासांत हे विष संवेदी टोकांतून होणारा पी पदार्थ व कॅल्सिटोनीन जीन-संबंधित पेप्टाइड यांचा स्रावही रोखते, असे आढळले आहे.